रानच्या औषधांची परीक्षा



चैत्र-वैशाखात आपल्या चंद्रपुरात दुपारचे कोणी घराबाहेर पडत नाही. ऊन उतरल्यावर दोन घटका वाऱ्याला बसावे, तर तेथेही आतड्यांच्या रोगाची चर्चा ऐकावी, ही काही सुखाची गोष्ट नव्हे. त्यातून हा विषय असा की, घरच्या चार माणसांतदेखील त्याविषयी बोलावयाची आपल्याला लाज वाटते. डोके दुखले तर माणूस साऱ्या आळीला सांगेल. शौचावाटे रक्त पडते हे मात्र तो सहा सहा महिने बायकोलाही सांगत नाही. या लाजेची किंमत काय पडते, ते पुढे येईलच.

हा विषय मी का निवडला ते आधी सांगतो. वैद्यकाशी माझा संबंध आहे असे कळले की एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. 'आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचे एवढे थोरले जंगल पडले आहे, वैदू लोक पोटाच्या दुखण्यावर पिढ्यान्‌पिढ्या साली आणि मुळ्या देत आले आहेत. मग आतड्यांच्या या चिवट रोगावर त्यात औषध नसेल काय? आणि असेल, तर डॉक्टर ते देत का नाहीत?' विचारणारा थोडासा रागावलेला असतो. कोणीतरी काहीतरी दडवून ठेवले आहे, असा त्याचा संशय असतो. याच्या उलट दुसरे एक गृहस्थ भेटतात. ते हसून म्हणतात, 'तो सगळा पालापाचोळा. त्यात काय आहे?' या दोघांचेही चुकते ते एकाच ठिकाणी. औषध आहे की नाही, हे दोघांनीही आधीच ठरवून टाकलेले असते. वास्तविक ते झाडाला विचारून ठरवावयाचे असते, आणि विचारण्याची एक रीत आहे. त्या रीतीने आपल्या रानातल्या काही वनस्पतींना गेल्या तीस-चाळीस वर्षांत प्रश्न विचारले गेले आहेत. त्यांनी जी उत्तरे दिली ती दोन्ही पक्षांना अडचणीची आहेत.

प्रथम रोग कोणता ते नीट ओळखून घेऊ. आपण ज्याला हगवण, मुरडा किंवा रक्ती आव म्हणतो, ते दुखणे बहुधा दूषित पाण्यातून येते. त्याच्या मुळाशी एखादा जंतू असतो किंवा अमीबा असतो. शत्रू बाहेरून आलेला असतो, तो मारला किंवा आपोआप गेला की रोग संपतो. मी बोलतो आहे तो रोग याहून निराळा. त्यात असा एकच शत्रू हाती लागत नाही. दंगल मोडावयास आलेली पलटण दंगल संपल्यावरही गावातच तळ देऊन राहावी आणि तिने गावकऱ्यांचीच घरे मोडावयास लागावे, तसे येथे घडते. शरीराची जी संरक्षक शक्ती तीच आतड्याच्या अस्तरावर उलटते. तेथे दाह होतो, व्रण पडतात, रक्त जाते. काही महिने बरे वाटते, पुन्हा उलटते. असे वर्षानुवर्षे चालते.

याचे मुख्य प्रकार दोन. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. तो गुदमार्गापासून सुरू होऊन वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोनचा रोग. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. दोन्ही रोग बहुधा ऐन तारुण्यात गाठतात. हा युरोप-अमेरिकेतला रोग, आपल्याकडे तो कोठला, अशी डॉक्टरांचीही पुष्कळ वर्षे समजूत होती. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघर जाऊन पन्नास हजारांवर माणसे तपासली आणि २००३ मध्ये आकडा प्रसिद्ध केला: अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रोगी लाखात सुमारे ४४. तेव्हा ती समजूत आता सोडली पाहिजे.

आमच्याकडे आणखी एक घोटाळा आहे, आणि तो जिवावरचा आहे. आतड्याचा क्षय आपल्या प्रांतात दुर्मिळ नाही. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्यास मिळते, नेमक्या त्याच जागी क्षयही बसतो आणि क्रोनचा रोगही बसतो. दुर्बीण घालून पाहिले तरी दोघांचे व्रण पुष्कळदा सारखेच दिसतात. उपाय मात्र एकमेकांच्या उलट. क्रोनच्या रोगात दाह दाबण्यासाठी स्टेरॉइड देतात. तेच क्षयाच्या रोग्याला दिले तर आत दबून असलेला क्षय सर्वांगात पसरू शकतो. जाणते डॉक्टरसुद्धा येथे थबकतात. मग एखाद्या जत्रेत जडीबुटीवाल्याने तीन चिमट्या पुड्या बांधून दिल्या आणि रोग्याला चार दिवस बरे वाटले, तर नेमके काय बरे झाले, हे कोणी सांगावे? त्या पुडीत कोणी स्टेरॉइडची गोळी कुटून घातली असेल, तर बरेही झटपट वाटते. असल्या पुड्या सापडलेल्या आहेत. मी तर्क करीत नाही.

आता परीक्षेची रीत. ती समजावून सांगण्यासाठी मला क्षणभर आपले रान सोडून विलायतेत जावे लागेल. तेथली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे काही उमगणार नाही.

१९५५ साली ऑक्सफर्डचे डॉ. ट्रूलव्ह आणि त्यांचे सहकारी विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रोग्यांवरील प्रयोगाचा अखेरचा अहवाल प्रसिद्ध केला. कॉर्टिझोन तेव्हा नवे होते. त्यांनी रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला कॉर्टिझोन, दुसऱ्या गटाला दिसावयास अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले, हे रोग्याला ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनी पाहिले तर कॉर्टिझोनवाल्यांपैकी शेकडा ४१ लोकांचा रोग शांत झालेला. आणि पोकळ गोळीवाल्यांपैकी? शेकडा १६.

या सोळांकडे आपण नीट पाहा. त्यांना औषध म्हणून काहीच मिळालेले नव्हते, तरी त्यांचा रोग शांत झाला. हा रोगच भरती-ओहोटीचा आहे. रोगी वैद्याकडे जातो तो भरती ऐन वर असताना, आणि त्यानंतर ओहोटी येते ती पुष्कळदा आपल्या पायांनी येते. तेवढ्यात ज्याने राख दिली असेल त्याची राख गुणकारी ठरते. 'माझ्या मेहुण्याला अमक्या सालीने गुण आला' हे वाक्य खोटे नसते. मेहुण्याला गुण आलेलाच असतो. तो सालीने आला की सालीबरोबर आला, एवढाच प्रश्न असतो, आणि तो एका मेहुण्यावरून सुटत नाही.

दुसरी गोष्टही ऑक्सफर्डचीच आहे आणि मला स्वतःला ती अधिक आवडते. स्वीडनमध्ये डॉ. नाना स्वार्ट्झ या विदुषींनी १९४० च्या सुमारास सल्फासालाझिन नावाचे औषध पुढे आणले. ते केले होते सांधेदुखीसाठी. त्यात दोन द्रव्ये एकमेकांस जोडली होती: एक जंतुनाशक सल्फा आणि दुसरे सॅलिसिलेट, म्हणजे विलो झाडाच्या सालीतल्या वेदनाशामक द्रव्याच्या कुळातले. या जोडीचा गुण आतड्यांच्या रोग्यांना येऊ लागला. मोठ्या आतड्यातले जंतू ही जोडी फोडतात आणि दोन्ही द्रव्ये सुटी होतात, हे पुढे कळले. पण दोघांपैकी काम कोणाचे? तीस-पस्तीस वर्षे औषध धडाक्याने खपत होते आणि हे कोणाला ठाऊक नव्हते! अखेर बांगलादेशातून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. आझाद खान यांनी ट्रूलव्ह यांच्याच हाताखाली एक साधा प्रयोग केला. त्यांनी काही रोग्यांना पूर्ण औषधाचा, काहींना नुसत्या सल्फाचा आणि काहींना नुसत्या सॅलिसिलेटचा बस्ती दिला. १९७७ मध्ये उत्तर आले. काम सगळे त्या सॅलिसिलेटचे होते. सल्फा नुसते वाहन होते, आणि मळमळ, डोकेदुखी वगैरे जो त्रास रोगी सोशीत आले होते तो बव्हंशी या वाहनाचा होता. आज जे मेसालाझिन सर्रास देतात ते याच शोधाचे फळ.

म्हणजे झाडाला विचारावयाचे प्रश्न असे झाले: तुझा कोणता भाग, त्यातले कोणते द्रव्य, किती, कोणत्या रोग्याला, आणि कशाच्या तुलनेत? ही शिदोरी घेऊन आता आपण परत आपल्या रानात येऊ.

सालईचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. मुरमाड, खडकाळ उतारावर जेथे साग नीट वाढत नाही तेथे ते उभे असते. साल राखी-हिरवट, कागदासारखे पापुद्रे सुटणारी; या दिवसांत अंगावर पान नसते. लाकूड इतके हलके आणि मऊ की इमारतीच्या कामाचे नाही. खोके करावे, नाहीतर लगदा करावा. वृत्तपत्राच्या कागदासाठी मध्य प्रदेशात नेपानगरला गिरणी उभारली तेव्हा ती बांबूवर आणि सालईच्या लाकडावरच बेतलेली होती. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांनी वर्तमानपत्रे म्हणून पुष्कळ सालई वाचून काढली आहे! असो. या झाडाच्या सालीला छेद दिला की सुवासिक डिंक पाझरतो. धूप म्हणून तो जळतो, आणि संधिवातावर तो पुरातन काळापासून दिला जातो. संस्कृतात झाड शल्लकी, डिंक कुंदुरू. चरकसंहितेत मळाचा वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण आहे, त्यात शल्लकीचे नाव येते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात धरा: चरक तेथे साल सांगतो. आजचे सारे प्रयोग झाले ते डिंकावर. 'चरकाने सांगितले ते शास्त्राने सिद्ध केले' अशी जाहिरात वाचताना हा फरक हळूच गिळला जातो.

डिंकावरचे आधुनिक काम सुरू झाले जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत. १९८६ मध्ये तेथील सिंग आणि अटल यांनी सालईच्या डिंकाचा अर्क प्राण्यांमधील सूज उतरवतो, हे दाखवले. मग जर्मनीत ट्युबिंगेन येथे अम्मोन यांच्या मंडळींनी त्यातली बॉस्वेलिक आम्ले वेगळी काढली आणि १९९२ मध्ये ती काय करतात ते सांगितले. दाहाच्या जागी पांढऱ्या पेशी ल्युकोट्रीन नावाची द्रव्ये तयार करतात. ती म्हणजे पलटणीला बोलावणारे बिगुलच. हे बिगुल ज्या विकराने घडतात त्या विकरालाच ही आम्ले अडवतात. आतड्यांच्या रोगात ल्युकोट्रीने वाढलेली असतात, हे आधीच ठाऊक होते. तेव्हा आता रोग्यांवर प्रयोग करणे ओघानेच आले.

ते प्रयोगही जम्मूच्या डॉक्टरांनीच अम्मोन यांच्या सहकार्याने केले. १९९७ च्या अहवालात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यांना सालईचा डिंक ३५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिला. शेकडा ८२ जणांचा रोग शांत झाला. सल्फासालाझिन घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ७५. २००१ मध्ये दुसरा अहवाल आला. जुनाट कोलायटिसचे ३० रोगी होते. २० जणांना डिंक, त्यांतले १४ शांत. १० जणांना सल्फासालाझिन, त्यांतले ४ शांत. त्याच वर्षी जर्मनीत क्रोनच्या रोगावर मेसालाझिनशी तुलना झाली, आणि डिंकाचा अर्क त्याच्याहून उणा ठरला नाही.

हे ऐकून कोणाही विदर्भवासीयाची छाती फुगेल. माझीही फुगली होती. पण आकडे पुन्हा पाहा. वीस माणसे आणि दहा माणसे. दहांपैकी चारांच्या जागी सहा झाले असते तर सारे चित्र पालटले असते. शिवाय कोणाला काय मिळते आहे, हे डॉक्टरांना आणि रोग्यांना दोघांनाही ठाऊक नसावे, ही ट्रूलव्ह यांच्या वेळेपासूनची अट जम्मूच्या कामात कडकपणे पाळलेली दिसत नाही. तो डॉक्टरांचा अप्रामाणिकपणा नव्हे. थोड्या साधनांत केलेली ती पहिली चाचपणी होती. चाचपणीने दार दाखवले. आत जावयाचे काम दुसऱ्या कोणी करावयाचे होते.

ते जर्मनांनी केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्रोनचा रोग शांत असलेले ८२ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकून ४२ जणांना डिंकाचा अर्क आणि ४० जणांना पोकळ कॅप्सूल, तब्बल ५२ आठवडे. प्रश्न एकच: रोग पुन्हा उलटण्यापासून डिंक थोपवतो काय? अर्क घेणाऱ्यांत सुमारे शेकडा ६० जण वर्षभर बरे राहिले. पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांत सुमारे ५५. एवढा फरक म्हणजे फरकच नव्हे. दोन्ही गटांत भेद दिसेना म्हणून प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवला. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत उंदरांना कृत्रिम कोलायटिस करून सालईचा अर्क चारला, तर आतड्याला गुण नाहीच. उलट मोठ्या मात्रेत यकृताला इजा दिसली.

मग सालई खोटी ठरली काय? तसे मी म्हणणार नाही. उलटू नये म्हणून देणे आणि उलटलेला रोग शांत करणे, हे निराळे प्रश्न आहेत. क्रोनचा रोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसही निराळे. जम्मूत जो प्रश्न विचारला, तोच अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या दोनएकशे रोग्यांवर पूर्ण बंदोबस्ताने विचारावयास हवा होता. हे आमच्या देशाचे झाड, आमच्या देशात उघडलेले दार. ते काम आमच्याच एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने करावयाचे. डिंकाच्या कॅप्सूल विकणारे मात्र त्यासाठी थांबलेले नाहीत.

भुईनिंबाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती लवकर संपते. पावसाळ्यानंतर रानाच्या कडेला उगवणारे हे हातभर उंचीचे अति कडू झुडूप आपल्याकडे तापावर देतात. त्याच्या अर्काचा अल्सरेटिव्ह कोलायटिसवर बंदोबस्ताने प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोगी २२४, काळ आठ आठवडे. दररोज १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी शेकडा ६० जणांना उतार पडला, १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४५ जणांना, आणि पोकळ औषध घेणाऱ्यांपैकी ४० जणांना. शेकडा चाळीस! यावरून त्या भरती-ओहोटीचा जोर किती असतो ते समजेल. साठांचा आकडा आशादायक होता, म्हणून आणखी मोठा प्रयोग मांडला. पण २०१४ मध्ये मधला हिशोब केला तेव्हा यशाची चिन्हे दिसेनात, आणि तो आवरता घेतला. आठ-दहा वर्षांचे काम आणि अमाप पैसा एका हिशोबाने थांबला. यात मला वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. ज्या रीतीत 'नाही' हे उत्तर येऊच शकत नाही, तिच्यातून आलेल्या 'होय'वर कोण भरवसा ठेवील?

हळद ही काही रानची नव्हे, परंतु ती प्रत्येकाच्या घरात असल्याने तिच्याविषयी विचारणा होणारच. जपानात २००६ मध्ये रोग शांत असलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ जणांना नेहमीच्या औषधासोबत सहा महिने कुर्कुमिन किंवा पोकळ कॅप्सूल दिली. कुर्कुमिनची मात्रा रोज दोन ग्रॅम. अखेर मोजलेल्यांत कुर्कुमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांचा रोग उलटला, न घेणाऱ्या ३९ पैकी आठांचा. २०१५ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात, मेसालाझिन पुरे पडत नव्हते अशा रोग्यांना रोज तीन ग्रॅम जोडून दिले; महिन्याभरात २६ पैकी १४ शांत झाले, पोकळ औषधाच्या २४ पैकी एकही नाही. आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले तेव्हा, २०१७ च्या अहवालाप्रमाणे, काहीच फायदा दिसला नाही. द्रव्य तेच, मात्रा निराळी. हळदीत कुर्कुमिन शेकडा तीन-चार भाग असते. तेव्हा दोन ग्रॅम कुर्कुमिन म्हणजे रोज पन्नासएक ग्रॅम हळद. भाजीतल्या चिमूटभर हळदीच्या नावावर हे यश कोणी जमा करू नये. शिवाय ते नेहमीच्या औषधाच्या जोडीला दिलेले होते, त्याच्याऐवजी नव्हे. मिऱ्याचा अर्क घालून कुर्कुमिन रक्तात अधिक चढवण्याची आता पद्धत पडली आहे, आणि तशा गोळ्यांनी काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचेही अहवाल आहेत.

बेल आणि कुडा यांच्यावाचून पोटाच्या औषधांची गोष्ट आपल्याकडे पुरी होत नाही. पण त्यांचे कार्यक्षेत्र हगवणीचे. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेने, म्हणजे प्रसिद्ध शल्यवैद्य डॉ. नोशिर अँटिया यांनी स्थापिलेल्या संस्थेने, कच्च्या बेलाच्या काढ्याचा अभ्यास करून २००९ मध्ये जे दाखवले ते मोठे गमतीचे आहे. हगवणीचे सहा प्रकारचे जंतू त्यांनी काढ्यात घातले. एकही मेला नाही. कोणी घाईचा मनुष्य असता तर तेथेच 'बेल निरुपयोगी' म्हणून वही मिटली असती. त्यांनी पुढे पाहिले. काढ्याच्या सहवासात जंतूंना आतड्यासारख्या पेशींना चिकटणे व आत शिरणे जड जाऊ लागले, आणि पटकीच्या विषाला पेशीवरची आपली जागा धरता येईना. म्हणजे बेल चोराला मारीत नाही, दाराला कडी घालतो. वैदूच्या अनुभवात तथ्य होते, फक्त कारण कोणी विचारले नव्हते. कच्चा बेल मळ बांधतो आणि पिकलेला सारक, हे आपल्या आजीला माहीत होतेच. पण हा सारा अभ्यास जंतूंच्या हगवणीचा आहे. दाहाच्या रोगावर त्यावरून उडी मारता येत नाही. कुड्याच्या बाबतीत तर ओळखीपासूनच गोंधळ आहे. पांढरा कुडा कडू, औषधी; काळा कुडा निराळ्या जातीचा; बाजारात एकाच्या नावावर दुसऱ्याची साल आणि दुसऱ्याचे इंद्रजव सर्रास खपतात.

झाडाचे म्हणून ते निरुपद्रवी, ही समजूत मात्र मोडली पाहिजे. जपानात निळीपासून केलेल्या चिंग-दाई नावाच्या चिनी औषधाचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८६ रोग्यांत पोकळ औषधाने शेकडा १४ जणांना उतार, तर सर्वांत मोठ्या मात्रेने ८१ जणांना. हा आकडा जबर. पण हा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण बाहेर हेच चूर्ण स्वतः विकत घेऊन खाणाऱ्यांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा जीवघेणा विकार आढळला. २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा काढला. औषधात जोर आहे याचा अर्थच तो दोन्ही बाजूंनी कापतो.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलल्यावाचून मला बसवणार नाही. सालईचा छेद खोल आणि वारंवार दिला तर झाड खंगते. बियांपासून उगवलेली रोपे वर्षानुवर्षे उन्हाळ्यात वाळून पुन्हा मुळातून फुटतात. झाड उभे राहावयास फार काळ लागतो. तेव्हा डिंकाला जगाच्या बाजारात भाव आला तर तो भाव कोणाच्या हाती पडेल आणि कुऱ्हाड कोणावर पडेल, हे आधी पाहावे लागेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि बांबू कोणी, किती तोडावा हे ग्रामसभा ठरवू लागली. तशी ग्रामसभा असेल तर सालई वाचेल. ज्ञानाच्या वाटणीचे काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने वनस्पतीचा व्यापारी लाभ घेणाऱ्याने राखणाऱ्या लोकांना वाटा द्यावा असे ठरले. २०२३ च्या दुरुस्तीने, ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला त्यातून सूट मिळाली. शल्लकी तर चरकातच नोंदलेली! तेव्हा भामरागडच्या रानात जो माडिया म्हातारा कोणत्या ऋतूत, कोणत्या बाजूने छेद द्यावा हे जाणतो, त्याची नोंद कोणत्याच ग्रंथात नसल्याने त्याचा वाटा शून्य, आणि ज्याची नोंद आहे तो चरक मागावयास येत नाही. गडचिरोलीतल्या आदिवासी स्त्रियांना झाडांविषयी काय ठाऊक आहे, ते डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात लिहून ठेवले. अशी कामे आणखी व्हावयास हवीत. आणि त्या नोंदी माहिती सांगणाऱ्यांच्या गावाच्या नावावर राहिल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारणार, 'ते सगळे ठीक, पण बेलाचा मुरंबा खाऊ की नको?' येथेच सांगून टाकतो. खा, खुशाल खा. मात्र शौचावाटे रक्त किंवा आव दोन-तीन आठवड्यांवर चालू राहिली, वजन उतरू लागले, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागू लागले, तर मुरंब्यावर भिस्त ठेवू नका. येथल्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला जाऊन दुर्बिणीने आतडे तपासून घ्या, तुकडा काढून घेऊ द्या, क्षय आहे की नाही त्याचा निकाल लावून घ्या. ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन ठरलेलाच आहे, त्यांनी चालू औषध आपल्या मनाने सोडून सालईच्या कॅप्सूल धरू नयेत. रोग उलटतो तो पहिल्याहून जोराने उलटू शकतो. आणि कोणतीही साल, डिंक, चूर्ण घेत असाल तर ती पुडी खिशात लपवून दवाखान्यात जाऊ नका. डॉक्टरांच्या टेबलावर ती उघडून ठेवा. ते रागावले तर रागावू द्या. पण त्यात काय आहे ते त्यांना पाहू द्या.